पिवळी कुपी

डॉक्टर : दार लाव आधी. आणि आवाज खाली ठेव.

ताई : दार लावते. आवाजाचं मात्र काही करता येणार नाही. वीस वर्षं कारखान्यात बॉयलरशेजारी उभी राहून बोललेय. कुजबुजायला तिथं कुणी शिकवलं नाही.

डॉक्टर : माझ्याकडे वाद घालायला वेळ नाहीये. साडेदहाला ऑपरेशन सुरू व्हायचंय आणि गुडघ्याच्या हत्यारांचा सेट अजून तुझ्या या तळघरात पडलाय. सहाच्या सहा ट्रे लिफ्टमध्ये ठेव, चिठ्ठीवर सही कर, विषय संपला.

ताई : सही नाही करणार.

डॉक्टर : का?

ताई : ही कुपी बघ. रंग कोणता?

डॉक्टर : पंचवीस वर्षं सर्जन आहे मी. मला रंग ओळखायला लावतेस?

ताई : सांग ना.

डॉक्टर : पिवळा.

ताई : काल संध्याकाळी हे ट्रे वाफेच्या मशीनमध्ये घातले तेव्हा मधोमध ही ठेवली होती. वाफेनं आतले जंतू मेले असते तर जांभळी राहिली असती.

डॉक्टर : माहितीये मला. एखादी कुपी खराब निघते.

ताई : मलाही तसंच वाटलं. म्हणून सकाळी सहाला येऊन चाचणीचा कागद लावला. हा घे. सगळा काळा व्हायला हवा होता. मधे बघ, तळहाताएवढा पांढरा डाग. वाफ आतपर्यंत पोचतच नाहीये. दाराचं ते रबर आता पुरतं फाटलंय, तिथून हवा शिरते.

डॉक्टर : ट्रेवरच्या पट्ट्या तर काळ्या झाल्यात.

ताई : पट्टी गरम झाली की काळी होते. तव्यावर ठेवलीस तरी होईल. आत जंतू मेला का जगला, ते पट्टीला काय कळतंय?

डॉक्टर : ताई, हे बघ. वरच्या हॉलमध्ये ऐंशी सर्जन बसलेत. कुठून कुठून आलेत. मोठा पडदा लावलाय, माझं ऑपरेशन त्यांना तिथं बसून दिसणार आहे. त्यात माझे गुरुजी आहेत, वय वर्षं ब्याऐंशी, चाकाच्या खुर्चीतून आलेत. आणि मी त्यांना जाऊन काय सांगू? तळघरातल्या बाई सही करत नाहीत?

ताई : तसंच सांग. खोटं काय आहे त्यात?

डॉक्टर : तुला गंमत वाटतेय.

ताई : गंमत? मी सात वाजता तुला फोन केला. सव्वासातला केला. साडेसातला केला. उचललास?

डॉक्टर : पाहुण्यांना आणायला गेलो होतो.

ताई : शेजारच्या हॉस्पिटलातल्या इन्चार्जशी मी बोलून ठेवलंय. त्यांचं मशीन रिकामं आहे. आत्ता ट्रे नेले तर दुपारी चारला तयार होऊन येतील. चारला कर ऑपरेशन.

डॉक्टर : एक वाजता पाहुणे निघणार. चारला कुणाला दाखवू? भिंतींना?

ताई : पेशंटला बरं करायचंय का पाहुण्यांना दाखवायचंय, ते एकदा ठरव.

डॉक्टर : मला शिकवू नकोस! सही कर!

मावशी : येऊ का आत? सर, तुम्ही इथं होय! मी तीन मजले पालथे घातले. वर सगळे घड्याळ बघतायत. ट्रस्टचे अध्यक्षसाहेब माइकवर तुमचंच कौतुक करतायत, पण आता कौतुकही संपत आलंय म्हणे.

डॉक्टर : आलोच. इन्चार्ज बाई, तुम्ही ट्रे पाठवताय ना?

ताई : नाही सर. मी आपल्याला कारण सांगितलंय.

मावशी : आणि त्या पेशंटबाई विचारतायत, अजून किती वेळ. काल रात्रीपासून पाण्याचा घोट नाही पोटात. शिवणकाम करतात ना त्या, हात रिकामा बसवत नाही. चादरीची उसवलेली शिवण बघत बसल्यात. मला म्हणाल्या, सुईदोरा असेल तर द्या, तेवढं होऊन जाईल.

डॉक्टर : मावशी, तुम्ही वर जा. दहा मिनिटं म्हणावं.

मावशी : कुणाला म्हणू, बाईंना का अध्यक्षांना?

डॉक्टर : दोघांना!

मावशी : जाते, जाते. तळघरात उकाडा फार, माणूस तापतो.

डॉक्टर : गेली? बघितलंस? सगळ्या हॉस्पिटलभर होणार आता.

ताई : काय होणार? इन्चार्जनं सरांना नाही म्हटलं, हे? का आपण दोघं एका आईच्या पोटचे आहोत, हे?

डॉक्टर : तो विषय आत्ता कशाला?

ताई : मी काढला नाही. तूच दार उघडल्याबरोबर ‘इन्चार्ज बाई’ झालास. सहा वर्षं झाली. कारखाना बंद पडला, तू इथं लावलंस मला, उपकार झाले. पण पहिल्या दिवशी गाडीत बसवून काय सांगितलंस आठवतंय? तिथं मला सर म्हणायचं. नातं सांगायचं नाही. लोक म्हणतील, एवढ्या मोठ्या सर्जनची बहीण हत्यारं धुते.

डॉक्टर : तुझ्याच भल्यासाठी म्हटलं होतं. वशिल्यानं लागली म्हणाले असते.

ताई : वशिल्यानंच लागले होते! मला त्याची लाज नव्हती. तुला माझी होती.

डॉक्टर : बरं, होती! झालं समाधान? आता सही कर.

ताई : तूच कर.

डॉक्टर : काय?

ताई : तू विभागप्रमुख. दाराबाहेर पितळी पाटी आहे तुझ्या नावाची, मावशी रोज घासते. हा कोरा कागद, हे पेन. लिही. ‘कुपी पिवळी निघाली हे मला माहीत आहे, तरी मी ही हत्यारं माझ्या जबाबदारीवर वापरतो.’ खाली सही कर. मी ट्रे स्वतः खांद्यावरून आणून देते.

डॉक्टर : हे पेन चालतं तरी का?

ताई : लिही ना. पेन चालतंय, मी बघितलंय.

डॉक्टर : असं कुणी लिहून देतं का!

ताई : मग माझ्याकडून कसं लिहून मागतोस? माझ्या सहीचा अर्थ तोच होतो. हत्यारं स्वच्छ आहेत, पोटात घाला, हाडात घाला.

डॉक्टर : तुला या जागेवर बसून बोलायला काय जातंय! तुला कुणी ओळखत नाही, तुझ्याकडे कुणी बघत नाही. मला एक ‘नाही’ म्हणायचं तर दहा तोंडं आहेत समोर. ट्रस्टी, गुडघे बनवणारी कंपनी, वर्तमानपत्र, अध्यक्ष. माझं नाव आहे, ताई. नाव असलेल्या माणसाला हातपाय हलवायची सोय नसते.

ताई : अरे वा. म्हणजे तुझ्यापेक्षा मी मोकळी?

डॉक्टर : आहेसच!

ताई : मग तुझी ती पाटी कशाला रे मिरवायची? एक रबर बदलून घेता येत नाही तुला. एक रबर! हातभर लांबीचं. अकरा वेळा वहीत लिहिलं मी, अकरा वेळा वर पाठवलं. त्या रबरासाठी गेल्या वर्षीचा तो टॅक्सीवाला पेशंट आयुष्याचा लंगडा झाला.

डॉक्टर : ते सिद्ध झालेलं नाही.

ताई : नाही झालं. कारण कुणी शोधलंच नाही. तीन वेळा उघडला त्याचा पाय, पू काढायला. तिसऱ्यांदा त्याची बायको खाली आली होती, या खोलीत. वाट चुकली होती. मला विचारत होती, ‘ताई, इथं औषधं मिळतात का?’ मी काय सांगू तिला? तेव्हा तू म्हणालास, धीर धर, मी अध्यक्षांना पत्र दिलंय. नवीन मशीन मागितलंय, नाहीतर ऑपरेशनं बंद करीन असं लिहिलंय. मी धीर धरला. वर्षभर धरला.

डॉक्टर : ताई—

ताई : दर आठवड्याला विचारते, पत्राचं उत्तर आलं का? तू म्हणतोस, यायचंय. किती वर्षं लागतात रे उत्तराला? दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर यायला?

डॉक्टर : दिलंच नव्हतं!

ताई : काय?

डॉक्टर : पत्र. दिलंच नव्हतं. लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. घेऊन गेलो. त्यांनी बसवलं, चहा मागवला. म्हणाले, विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय, माझ्या मनात तुमचंच नाव आहे. बोला, तुमचं काय काम होतं? मी म्हटलं, काही नाही सर, सहज आलो होतो.

ताई : सहज.

डॉक्टर : पत्र खिशातच होतं. घरी आल्यावर फाडलं. पाटी मिळाल्यावर मागू असं ठरवलं होतं. एकदा अधिकार हातात आला की जोर देऊन मागता येईल. पण पाटी मिळाली आणि… ताई, पाटी त्यांनी दिलेली आहे. त्यांच्यापुढं तिचा काय जोर चालणार?

ताई : आणि मी लोकांना सांगत फिरत होते. थिएटरच्या पोरींना, मावशीला. आपले सर भांडतायत आपल्यासाठी, थोडं सांभाळून घ्या. तुझ्या नावानं मी लोकांना गप्प बसवलं रे!

डॉक्टर : ओरडू नकोस.

ताई : ओरडणार! टॅक्सीवाला गेला लंगडत आणि तू चहा पिऊन आलास!

डॉक्टर : मला माहितीये मी काय केलं! रोज आरशात बघतो मी स्वतःला, तुला वेगळं सांगायला नको! पण आज नाही, ताई. आजचा दिवस जाऊ दे. उद्या मी स्वतः मागतो मशीन, शपथेवर. त्या बाईंना चांगली अँटिबायोटिक्स देऊ, डबल देऊ. शंभरातल्या नव्याण्णवांना काही होत नाही. आणि फुकट करतोय आपण त्यांचं ऑपरेशन, हेही बघ.

ताई : काय म्हणालास?

डॉक्टर : म्हणजे तसं नाही—

ताई : फुकट आहे म्हणून. म्हणून त्यांनी विचारायचं नाही. म्हणून त्या उपाशीपोटी आपल्या चादरी शिवत बसायच्या, आणि तू मळक्या हत्यारांनी त्यांचं हाड कापायचं. अध्यक्षांच्या आईचा गुडघा असता तर केलं असतंस?

डॉक्टर : बाजूला हो. मीच नेतो ट्रे. वरच्या नर्सला मी बघून घेतो, तुझी सही गेली खड्ड्यात. हो बाजूला.

ताई : हात लावू नकोस.

डॉक्टर : मी इथला प्रमुख आहे!

ताई : बरं.

डॉक्टर : हे काय? काय करतेयस? ताई! आवरण फाडू नकोस! थांब!

ताई : हा एक.

डॉक्टर : उघड्या हातानं? हात लावलास तू आत! अगं वेडी झालीस का!

ताई : दोन. आता कुणाच्या बापालाही म्हणता येणार नाही की ही स्वच्छ आहेत. तीन. सोड माझा हात.

डॉक्टर : नाही सोडणार!

ताई : दहा-दहा किलोचे ट्रे रोज उचलतात हे हात. तुझे नाजूक आहेत, उद्या लागतील तुला. सोड म्हणते ना. चार.

मावशी : सर, ते अध्यक्ष आता… अगं बाई गं! हे काय चाललंय? सगळा सेट उघडा!

डॉक्टर : ताई, तू काय केलंस हे! माझं सगळं… तुला कळतंय का तू काय केलंस!

मावशी : ‘तू’? सर, तुम्ही ताईंना…

ताई : भाऊ आहे तो माझा, मावशी. धाकटा, सख्खा. पाच, आणि हा सहा. झालं.

मावशी : भाऊ! सहा वर्षं एका डब्यात जेवतो आपण, आणि तुम्ही शब्दानं बोलला नाहीत?

ताई : बोलायची बंदी होती.

मावशी : सर, फोन वाजतोय तुमचा. खिशात. अध्यक्षच असणार. घ्या, नाहीतर ते खाली येतील.

डॉक्टर : हॅलो. हो सर. हो, मी खालीच आहे. नाही सर… सर, ऑपरेशन नाही होणार. सेट… सेट खराब झाला, सर. इन्चार्जनं उघडला. हो, मुद्दाम. माझं ऐकलं नाही तिनं. हो सर. बरोबर आहे, सर. नाही, मी तिला काही… हो सर. आजच. समजलं. सॉरी सर. हो.

ताई : काय म्हणाले?

डॉक्टर : उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

ताई : म्हणाले का म्हणालास?

डॉक्टर : ते म्हणाले!

ताई : आणि तू ‘हो सर’. मोजत होते मी, तीन वेळा. कुपीचं नाव नाही, रबराचं नाव नाही. ‘इन्चार्जनं उघडला.’

डॉक्टर : उघडलाच ना तू!

ताई : हो, उघडला. माझ्या नावावर तेवढं तरी आहे. कामावरून काढायचं तर लेखी लागतं. कागदावर सही कुणाची असते?

डॉक्टर : विभागप्रमुखाची.

ताई : म्हणजे तुझी. हा बघ, मघाचा कोरा कागद अजून इथंच पडलाय. लिही. कारणाच्या जागी काय लिहितोस ते मला बघायचंय.

डॉक्टर : मावशी, तुम्ही जरा बाहेर—

ताई : मावशी कुठं जाणार नाही. थांब गं तू. लिही रे. ‘जंतू असलेली हत्यारं पेशंटला लावू दिली नाहीत म्हणून.’ दुसरं कारण सुचत असेल तर दुसरं लिही, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे.

डॉक्टर : मला नाही लिहिता येत.

ताई : येतं तुला. लहानपणी माझी रजेची चिठ्ठी तूच लिहायचास, वडिलांची सही मारून.

डॉक्टर : पुरे कर, ताई. हात जोडतो.

ताई : मला नको जोडूस. वर त्या बाई बसल्यात, त्यांना जाऊन सांग.

डॉक्टर : मावशी सांगतील. किंवा वरची नर्स.

ताई : मावशीच्या नावाची पाटी आहे का दारावर? तू हो म्हणालास म्हणून त्या उपाशी राहिल्या. तुझ्यावर भरवसा ठेवून. जा.

डॉक्टर : काय सांगू?

ताई : ते मी सांगणार नाही. सही माझी होती, ती मी दिली नाही. तोंड तुझं आहे. जा आता, मला हे सगळं आवरायचंय.

(तासाभरानं. तीच खोली. ताई एकटी, दारातून मावशी.)

मावशी : अहो, हे काय लावलंय मशीनच्या दाराला?

ताई : चिकटपट्टी. आणि त्यावर लिहिलंय, कुणीही सुरू करू नये. मी असले-नसले तरी कळायला हवं.

मावशी : थिएटरच्या नर्सबाईंनी वर सांगून टाकलंय. रबर बदलून कुपी जांभळी निघाल्याशिवाय आम्ही एकही ट्रे उघडणार नाही, मग कुणी का येईना. दुसऱ्या दोन डॉक्टरांची ऑपरेशनंसुद्धा थांबली. अध्यक्ष लालबुंद झालेत. पण करतात काय? सगळ्यांना थोडंच काढणार!

ताई : तुला विचारलं का कुणी?

मावशी : मला कोण विचारतंय? मीच सगळ्यांना सांगत सुटले. पाचव्या मजल्यापर्यंत पोचलं असेल आता.

ताई : आणि पाहुणे?

मावशी : त्यांना जुनी फिल्म दाखवली. ते म्हातारे गुरुजी खुर्चीत बसून सारखं विचारत होते, माझा विद्यार्थी कुठाय, माझा विद्यार्थी कुठाय.

ताई : कुठं होता?

मावशी : पेशंटबाईंपाशी. मी तिथंच होते, सलाइन काढत होते त्यांचं.

ताई : सांगितलं त्यानं?

मावशी : खुर्ची ओढून बसले आधी. मग म्हणाले, थोडी तांत्रिक अडचण आहे. बाई म्हणाल्या, म्हणजे काय? सर म्हणाले, मशीनची अडचण. बाई म्हणाल्या, मशीनवर काम करते मी, अडचण म्हणजे काय ते मला सांगा, कळतं मला. तेव्हा सरांनी मान खाली घातली. म्हणाले, हत्यारं स्वच्छ करायचं मशीन बिघडलंय. वर्षभर बिघडलंय. मला माहीत होतं.

ताई : असं म्हणाला?

मावशी : याच शब्दांत. मी म्हटलं आता बाई रडणार, नाहीतर आरडाओरडा करणार.

ताई : मग?

मावशी : काही नाही. हातातली चादर घडी घालून ठेवली. मला म्हणाल्या, माझे कपडे द्या. सर म्हणाले, थांबा ना, परवा करू, दुसरीकडे करू, मी स्वतः करतो. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुखरा पाय हळूच खाली सोडला आणि म्हणाल्या, जरा सरका, माझ्या चपला तुमच्या खुर्चीखाली आहेत.

ताई : आणि तो?

मावशी : सरकले.